ओपनबीएसडीवर वायफाय दिसत नाही: लॅपटॉप बदलावा, सिस्टीम बदलावी की कार्ड?

प्रश्न असा आहे. कोथरूडमध्ये राहणाऱ्या, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या एका विद्यार्थ्याने घरातला चार वर्षं वापरलेला लॅपटॉप पूर्ण पुसून त्यावर ओपनबीएसडी (विंडोजच्या जागी चालणारी, युनिक्स घराण्यातली मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकलं. स्क्रीन, कीबोर्ड, टचपॅड, आवाज सगळं पहिल्याच दिवशी चालू झालं. वायफाय मात्र कुठेच नाही. दुकानदार म्हणतो, विंडोज परत टाकून घ्या. मित्र म्हणतात, फ्रीबीएसडी (त्याच घराण्यातली दुसरी सिस्टीम) टाक, त्यात चालेल. घरचे म्हणतात, नवीन लॅपटॉपच बघू. यातलं काय करावं? प्रश्नासोबत मशीन सुरू होताना दिसणाऱ्या संदेशांमधली एक ओळ दिली आहे: ‘रिअलटेक ८८२१सीई’, आणि शेवटी ‘नॉट कॉन्फिगर्ड’. ती ओळ दिलीत ते फार बरं केलंत. ती नसती तर मला अंदाजच बांधत बसावं लागलं असतं.

माझं उत्तर: यातलं काहीच करू नका. लॅपटॉप ठेवा, ओपनबीएसडीही ठेवा. आत एका स्क्रूवर बसलेलं, २२ बाय ३० मिलिमीटरचं वायफाय कार्ड तेवढं बदला. वापरलेलं इंटेलचं कार्ड हजाराच्या आत मिळतं आणि बसवायला अर्धा तास लागतो. पण ‘इंटेलचं कार्ड द्या’ एवढंच सांगून आणलेलं कार्ड तुमच्या लॅपटॉपमध्ये चालेलच असं नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आज्ञांची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत देतोय, टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाकायची.

आधी त्या ओळीचा अर्थ. पीसीआय बसवर, म्हणजे कार्डं मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गावर, बसलेलं प्रत्येक उपकरण स्वतःचे दोन आकडे सांगतं: बनवणाऱ्याचा क्रमांक आणि उपकरणाचा क्रमांक. इंटेलचा क्रमांक ८०८६, रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४, अथेरॉसचा १६८सी, मीडियाटेकचा १४सी३. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, हे आकडे वाचतं आणि आपल्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारतं, हे तुझं आहे का? कुणीच हो म्हणालं नाही की ‘नॉट कॉन्फिगर्ड’ छापलं जातं. म्हणजे तुमचं कार्ड जिवंत आहे, स्लॉट नीट आहे, बायोसमध्येही (लॅपटॉप चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्येही) ते बंद केलेलं नाही. ओपनबीएसडीत ८८२१सीईसाठी ड्रायव्हरच नाही, इतकीच गोष्ट. रिअलटेकच्या ८१८८सीई, ८१९२सीई अशा जुन्या पिढ्यांसाठी ‘आरटीडब्ल्यूएन’ नावाचा ड्रायव्हर आहे, पण तुमचं कार्ड त्याच्या नंतरच्या पिढीतलं. कुठलीही फाइल बदलून, कुठलंही सेटिंग फिरवून ते चालणार नाही. त्यात रात्री घालवू नका.

तुमच्या जागी दुसऱ्या कुणाची तक्रार वेगळी असू शकते, आणि ‘वायफाय चालत नाही’ या तीन शब्दांत चार निरनिराळे आजार लपलेले असतात. पहिला, संदेशांत कार्डाचा उल्लेखच नाही. तेव्हा ड्रायव्हरचा विचारही करू नका. बायोसमध्ये वायरलेस बंद आहे का, लॅपटॉपच्या कडेला वायफायचा खटका आहे का, विंडोज शेजारी ठेवलं असेल तर त्याचं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू राहून कार्ड अर्धवट अवस्थेत अडकलंय का, हे पाहा. दुसरा आजार तुमचा. तिसरा फार सोपा आणि फार फसवा: ड्रायव्हर कार्ड ओळखतो, ‘आयडब्ल्यूएम०’ असं नावही देतो, आणि पुढच्या ओळीत म्हणतो की फर्मवेअर (कार्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम) वाचता आलं नाही, एरर २. हा २ म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. कार्ड उत्तम आहे, फक्त एक फाइल आणायची आहे. माझ्याकडे अशी मशीनं आली आहेत ज्यांच्या मालकांनी एवढ्या एका ओळीवरून ‘सपोर्ट नाही’ असं ठरवून नवं कार्ड विकत घेतलं होतं. चौथा, कार्ड जोडलं जातं पण वेग नाही किंवा जोडणी सुटते. त्याची कारणं बहुतेक वेळा राउटरमध्ये असतात, त्यावर शेवटाकडे लिहितो.

आता हे असं का, हे समजून घेतलंत तर पुढे कुठलाही लॅपटॉप घेताना उपयोग होईल. वायरने जोडायचं नेटवर्क कार्ड हा साधा जीव असतो. वायफायचं कार्ड हा मात्र स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि स्वतःचा प्रोग्रॅम असलेला छोटा संगणकच असतो. तो प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. लॅपटॉप सुरू झाला की ड्रायव्हर डिस्कवरून ती फाइल उचलतो, कार्डाच्या पोटात भरतो, आणि मग कार्ड बोलायला लागतं. म्हणजे वायफाय चालायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर, कार्डात भरायचं फर्मवेअर, आणि या दोघांच्या वर, पासवर्डची देवाणघेवाण व वेगाचे नियम सांभाळणारा कर्नलमधला वायरलेस भाग. तिन्हींपैकी एक जरी मागे राहिलं तरी अडतं.

ड्रायव्हर लिहायला चिपची माहिती लागते, आणि बनवणारे ती सहजी देत नाहीत. लिनक्सवर या कंपन्यांचेच अभियंते काम करतात, तिथे त्यांचा बाजार आहे. ओपनबीएसडीवाले तर गोपनीयतेच्या करारावर सही करून माहिती घेणंच नाकारतात, कारण अशा माहितीवर लिहिलेला कोड पुढे दुसऱ्या कुणाला समजून घेता आणि दुरुस्त करता येत नाही. मला ही भूमिका पटते. तिची किंमत तुमच्यासारख्यांना कधी कधी एका कार्डाच्या रूपाने मोजावी लागते हेही खरं. फर्मवेअरचं वेगळंच: चिप बनवणाऱ्यांनी घातलेल्या परवान्यांमुळे बहुतेक फाइली मूळ सिस्टीमच्या आत ठेवता येत नाहीत. म्हणून ओपनबीएसडी त्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवतं आणि ‘एफडब्ल्यू-अपडेट’ ही आज्ञा त्या आणून देते (मधली रेघ टर्मिनलवर अंडरस्कोर आहे). फ्रीबीएसडीत १४.०पासून ‘एफडब्ल्यूगेट’ हेच काम करते.

कंपन्यांच्या बाबतीत माझं मत अनुभवातून बनलेलं आहे आणि ते स्पष्टच सांगतो. ओपनबीएसडीवर इंटेल घ्या. जुन्या ५००० आणि ६००० मालिकांसाठी ‘आयडब्ल्यूएन’, ७२६०पासून ८२६५, ९२६०पर्यंत ‘आयडब्ल्यूएम’, आणि एएक्स२००, एएक्स२१० या नव्यांसाठी ‘आयडब्ल्यूएक्स’, असे तीन ड्रायव्हर आहेत, आणि तिन्ही सांभाळले जातात. श्टेफान श्पेर्लिंग या विकासकाने गेल्या दशकभरात ओपनबीएसडीच्या वायरलेसवर जे काम केलं आहे त्यामुळे आज आयडब्ल्यूएम आणि आयडब्ल्यूएक्सच्या कार्डांवर ८०२.११एसीचा (वायफाय ६च्या आधीच्या पिढीचा) वेगही मिळतो. २०२२मध्ये ७.१ आवृत्तीत तो आला. त्याआधी ११एनवर, म्हणजे एसीच्याही आधीच्या पिढीच्या वेगावर, समाधान मानावं लागत होतं. एएक्स२०० घेतलंत तरी वायफाय ६चा वेग तिथे मिळत नाही, ते एसीवरच चालतं. म्हणून केवळ ओपनबीएसडीसाठी एएक्सचे जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

जुन्या अथेरॉसबद्दल मला आजही आदर आहे. एआर९२८०, एआर९२८५ अशा पीसीआय कार्डांना बाहेरून फर्मवेअर लागतच नाही. ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर सुरू झाल्या क्षणी वायफाय हजर असतं. वेग ११एनपुरता, पण लिहिणं-वाचणं, कोड आणणं याला तो भरपूर होतो. ब्रॉडकॉमची लॅपटॉपमधली बरीच कार्डं मात्र टाळा. त्यांचा लिनक्ससाठीचा बंद ड्रायव्हर बीएसडीवर चालत नाही. नव्या एएमडी लॅपटॉपांमध्ये सर्रास येणारं मीडियाटेकसुद्धा, निवड तुमच्या हातात असेल तर, सध्या घेऊ नका.

मित्रांच्या सल्ल्याबद्दल. फ्रीबीएसडीत तुमच्या ८८२१सीईसाठी ड्रायव्हर आहे, हे त्यांचं म्हणणं चूक नाही. लिनक्सचे ड्रायव्हर जसेच्या तसे चालावेत म्हणून तिथे एक जोडथर बांधला आहे, ‘लिनक्सकेपीआय’. त्यावर ब्यॉर्न झीब यांनी फ्रीबीएसडी फाउंडेशनच्या पाठबळावर इंटेलचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ आणला, तो २०२२च्या १३.१मध्ये आला, आणि पाठोपाठ रिअलटेकचा ‘आरटीडब्ल्यू८८’. पण ‘ड्रायव्हर आहे’ आणि ‘रोज बिनघोर वापरता येतं’ यात अंतर असतं. आरटीडब्ल्यू८८ला सुरुवातीच्या आवृत्त्यांत चार जीबीपेक्षा जास्त मेमरी असलेल्या मशीनवर अडचण होती, त्यासाठी बूटच्या वेळी एक वेगळं सेटिंग द्यावं लागे. आणि आयडब्ल्यूएलवायफायने चालणाऱ्या इंटेलच्या कार्डांवरही एन-एसीचे वेग फ्रीबीएसडीत २०२५च्या जूनमध्ये, १४.३मध्ये आले. तोवर ही कार्डं ५४ एमबीपीएसच्या जुन्या चालीवर चालत. फ्रीबीएसडी मला आवडतं, माझ्या घरचा साठवणीचा सर्व्हर त्याच्यावरच आहे. पण ज्याला ओपनबीएसडी शिकायचं आहे त्याने एका कार्डापायी सिस्टीम बदलावी, हे मला पटत नाही.

फ्रीबीएसडीवाल्यांसाठी आणखी एक वाट आहे, ‘वायफायबॉक्स’. यात बीहाइव्ह या व्हर्च्युअल मशीनमध्ये छोटंसं लिनक्स चालवतात, वायफाय कार्ड थेट त्या लिनक्सच्या स्वाधीन करतात, आणि फ्रीबीएसडी त्या लिनक्सकडून नेट घेतं. प्रोसेसर आणि बायोसमध्ये व्हीटी-डी (उपकरण व्हर्च्युअल मशीनच्या हवाली करण्याची इंटेलची सोय) किंवा एएमडीची तशीच सोय असावी लागते. ऐकायला द्राविडी प्राणायाम वाटतो, पण कार्ड मदरबोर्डवरच झाळलेलं असेल तर यानेच सुटका होते. ओपनबीएसडीच्या व्हर्च्युअल मशीनच्या सोयीत, व्हीएमएममध्ये, असं कार्ड सोपवता येत नाही, त्यामुळे तुम्हाला हा मार्ग नाही. आणि नेटवर अजूनही सापडणारा एक सल्ला विसरून जा: विंडोजचा ड्रायव्हर ‘एनडीआयएस’मध्ये गुंडाळून फ्रीबीएसडीवर चालवणं. ती सोयच १३.०मध्ये काढून टाकली आहे.

आता कार्ड निवडणं. इथेच लोक चुकतात, म्हणून सावकाश वाचा.

लॅपटॉपचं मागचं झाकण उघडा आणि आताच्या कार्डावर किती अँटेना वायर आल्या आहेत ते मोजा. ८८२१सीई हे एका अँटेनाचं कार्ड आहे. स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपनी दुसरी वायर टाकतच नाही. वायर दोन असतील तर ७२६५ किंवा ८२६५ घ्या. एकच असेल तर इंटेलचं ३१६५ किंवा ३१६८ घ्या, ती मुळातच एका अँटेनासाठी बनलेली आहेत आणि आयडब्ल्यूएम ती चालवतो. दोन अँटेनांचं कार्ड एका वायरवर चालतंही, पण सिग्नल कमी पडतो आणि मग दोष ओपनबीएसडीच्या माथी येतो.

कार्डावरच्या नावाची शेवटची अक्षरं वाचा. ‘एनजीडब्ल्यू’ म्हणजे तुमच्या एम.२ स्लॉटमध्ये बसणारं. ‘एचएमडब्ल्यू’ म्हणजे जुन्या मिनी पीसीआय एक्स्प्रेसचं, ते बसणारच नाही, त्याचे अँटेना कनेक्टरही मोठे असतात. ‘डी२डब्ल्यू’ म्हणजे झाळायचं, ते हातात घेऊन उपयोग नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचं: ९५६०, एएक्स२०१, एएक्स२११ ही नावं दिसली तर हात आखडता घ्या. दिसायला ती ९२६०, एएक्स२००, एएक्स२१०ची सख्खी भावंडं, त्याच स्लॉटमध्ये बसतात, त्याच स्क्रूने आवळतात. पण त्यात फक्त रेडिओचा भाग असतो. उरलेलं अर्धं वायफाय इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरच्या किंवा चिपसेटच्या पोटात असतं. या रचनेला सीएनव्हीआय म्हणतात. एएमडीच्या किंवा जुन्या इंटेल लॅपटॉपमध्ये असं कार्ड म्हणजे निव्वळ हिरवा तुकडा. काही वर्षांपूर्वी कर्वेनगरच्या एका निवृत्त प्राध्यापकांसाठी मी बुधवार पेठेतून घाईत एक कार्ड आणलं. पाकिटावर नुसतं ‘इंटेल वायफाय’ लिहिलेलं, मीही पुढचा आकडा न वाचता घेतलं. बसवलं तर पीसीआयच्या यादीत रिकामी जागा. मी बायोस अपडेट केलं, स्लॉटचे दात साफ केले, अँटेना तपासल्या, संध्याकाळचे साडेनऊ झाले. शेवटी कार्ड काढून भिंगाखाली धरलं तेव्हा ९५६० दिसलं. त्यानंतर दुकानात कार्डाचा फोटो मोठा करून आकडा वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही. तापकीर गल्लीत घ्या, बुधवारात घ्या किंवा घरपोच मागवा, पाकिटावर नव्हे, कार्डाच्या लेबलवर काय छापलंय ते बघा.

एक जुना अडथळाही माहीत असू द्या. २०१०च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या बऱ्याच बिझनेस लॅपटॉपांच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी असायची. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की मशीन सुरू व्हायलाच नकार देई. थिंकपॅडवर तेव्हा १८०२ हा एरर येतो. तुमचा लॅपटॉप त्या काळातला नाही, त्यामुळे बहुधा प्रश्न येणार नाही, पण कार्ड विकणाऱ्याशी ‘नाही चाललं तर परत’ हे आधी बोलून घ्या.

बसवताना लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, बॅटरीचं कनेक्टर सुटं करा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी होते, स्वेटर घालून काम करणार असाल तर आधी नळाला किंवा एखाद्या धातूच्या वस्तूला हात लावा. अँटेनाचे कनेक्टर नखाने बाजूने ओढू नका, प्लास्टिकच्या पट्टीने सरळ वर उचला, आणि लावताना बरोबर वर ठेवून बोटाने सरळ दाबा, बारीकसा ‘टक’ लागतो. हे कनेक्टर वारंवार काढ-घाल करायला बनवलेलेच नसतात. तीन-चार वेळा वाकडे दाबले की पकड जाते, आणि मग वायफाय दोन फुटांवर येतं, दुसऱ्या खोलीत जातं.

कार्ड बसलं की मशीन चालू करून ‘डीमेसेज’ (सुरुवातीचे संदेश दाखवणारी आज्ञा, रोमनमध्ये dmesg) पाहा. आता ‘आयडब्ल्यूएम०’ दिसेल आणि फर्मवेअर वाचता न आल्याचा संदेशही येईल. घाबरू नका, हाच तो तिसरा आजार. पण फर्मवेअर आणायला नेट हवं आणि नेटसाठी फर्मवेअर हवं, हा पेच सोडवायला तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन पुरतो. केबलने जोडा, फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा, लॅपटॉपवर ‘यूआरएनडीआयएस०’ नावाचं नेटवर्क उगवतं. त्याला ‘इफकॉन्फिग’ने ‘आयनेट ऑटोकॉन्फ’ द्या, पत्ता मिळतो, मग रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन एफडब्ल्यू-अपडेट चालवा. ती आज्ञा मशीनमध्ये काय काय बसलंय ते बघून नेमकं तेवढंच फर्मवेअर आणते आणि त्याची सही तपासते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी कार्ड, मग आज्ञा. फोन जमत नसेल तर मित्राच्या मशीनवर तुमच्या आवृत्तीची फर्मवेअरची फाइल आणि सोबतची सहीची फाइल पेनड्राइव्हवर घ्या, पेनड्राइव्ह माउंट करून ‘-पी’ या पर्यायाने त्याचा पत्ता द्या.

मग ‘ईटीसी’ या फोल्डरमध्ये ‘होस्टनेम.आयडब्ल्यूएम०’ ही फाइल. दोन ओळी पुरतात. पहिल्या ओळीत ‘जॉइन’, नेटवर्कचं नाव, ‘डब्ल्यूपीएकी’, पासवर्ड. दुसऱ्या ओळीत ‘आयनेट ऑटोकॉन्फ’. घरचं, हॉस्टेलचं, फोनचा हॉटस्पॉट, प्रत्येकासाठी एकेक ‘जॉइन’ ओळ लिहून ठेवलीत तर जे समोर असेल त्याला मशीन आपणहून जोडून घेतं. ही सोय २०१८च्या ६.४पासून आहे, आणि मला ती कुठल्याही खिडक्या-बटणांच्या मॅनेजरपेक्षा भरवशाची वाटते. फाइलमध्ये पासवर्ड उघडा असतो, म्हणून तिची परवानगी ६४० ठेवा, म्हणजे इतर वापरकर्त्यांना ती वाचता येणार नाही.

जोडणीत अडलं तर राउटर तपासा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३वर ठेवली असेल तर डब्ल्यूपीए२ आणि ३ मिश्र करा. २.४ गिगाहर्ट्झवर राउटरने आपणहून १२ किंवा १३ चॅनेल धरलं असेल तर अमेरिकी नियम धरून चालणाऱ्या कार्डाला ते नेटवर्क दिसतच नाही. भारतात १३पर्यंतचे चॅनेल चालतात, त्यामुळे फोनला दिसतं आणि लॅपटॉपला दिसत नाही, आणि माणूस चक्रावतो. १, ६ किंवा ११वर कायमचं ठेवून द्या. सोसायट्यांमध्ये २.४वर इतकी गर्दी असते की शक्य तिथे ५ गिगाहर्ट्झ वापरा. पेठांतल्या जुन्या वाड्यांत मात्र उलट: हातभर जाडीच्या दगड-मातीच्या भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ पलीकडे पोचत नाही, तिथे २.४च बरं. कॉलेजचं वायफाय नाव आणि पासवर्ड दोन्ही मागत असेल तर ते ८०२.१एक्स आहे. ओपनबीएसडीच्या मूळ सिस्टीममध्ये ते नाही, ‘डब्ल्यूपीए-सप्लिकंट’ हे पॅकेज वेगळं टाकावं लागेल. आणि ब्लूटूथची वाट पाहू नका. नव्या कार्डावर ते असेल, पण ओपनबीएसडीने २०१४मध्ये ब्लूटूथ काढून टाकलं, ते अजून परत आलेलं नाही. हेडफोन वायरचे वापरा.

उघडून पाहिल्यावर कार्ड झाळलेलं निघालं तर यूएसबीचं काडीएवढं ॲडाप्टर घ्या. तिथेही पाकिटावरच्या नावावर विसंबू नका. टीपी-लिंकचं डब्ल्यूएन७२२एन हे याचं ठळक उदाहरण: पहिल्या आवृत्तीत अथेरॉसचं एआर९२७१, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकचं ८१८८ईयू मालिकेतलं. नाव तेच, खोका तसाच, आत वेगळीच चिप. ओपनबीएसडीत पहिलीसाठी ‘एटीएचएन’, दुसरीसाठी ‘यूआरटीडब्ल्यूएन’ असे वेगळे ड्रायव्हर लागतात. रॅलिंकच्या आरटी५३७०वालं मिळालं तर तेही चांगलं, त्याचा ड्रायव्हर ‘रन’. अगदी टेबलावरच काम करायचं असेल तर क्लायंट मोडमध्ये चालणारा छोटा राउटर घेऊन त्यातून वायरने नेट घ्या. मग सिस्टीम कुठलीही असो, ड्रायव्हरचा प्रश्नच उरत नाही.

हायकू आणि नेटबीएसडी या आणखी दोन मोफत सिस्टीमबद्दलही मला अधूनमधून विचारतात. हायकूने स्वतःचे ड्रायव्हर लिहिण्याऐवजी बीएसडींचे ड्रायव्हर चालवणारा थर बांधला, इंटेलच्या नव्या कार्डांसाठी तर ओपनबीएसडीचाच कोड घेतला. त्यामुळे ओपनबीएसडीसाठी घेतलेलं इंटेल कार्ड तिथेही उपयोगी पडतं. नेटबीएसडीचा वायरलेस भाग जुना आहे, तिथे वेगाची अपेक्षा न ठेवता जुनं इंटेल किंवा अथेरॉस वापरा.

घरचे नवीन लॅपटॉप घेऊ म्हणतातच, तर पुढच्या खेपेला त्यांना वापरलेला बिझनेस लॅपटॉप सुचवा. थिंकपॅडच्या टी४६०मध्ये ८२६० आणि टी४७०, टी४८०मध्ये ८२६५ सर्रास सापडतं. तरी दुकानात विंडोज चालू असतानाच डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या नावावर जाऊन ‘डिटेल्स’मध्ये ‘हार्डवेअर आयडीज’ उघडा. ‘व्हेन’पुढे ८०८६ आणि ‘डेव्ह’पुढे २४एफडी दिसलं की ते ८२६५. दोन मिनिटांचं काम आहे, आणि एकही दुकानदार त्याला नाही म्हणालेला मला आठवत नाही. पेनड्राइव्हवर ओपनबीएसडीचा इन्स्टॉलर नेऊन तिथेच बूट करू दिलं तर आणखी उत्तम, नुसते सुरुवातीचे संदेश वाचले तरी पुरे.

काढलेलं रिअलटेक कार्ड फेकू नका. ते लिनक्स आणि विंडोजवर व्यवस्थित चालतं. एका छोट्या पाकिटात घालून, वर लॅपटॉपचं मॉडेल आणि ‘मूळ वायफाय कार्ड’ असं लिहून चार्जरच्या पिशवीत ठेवा, आणि झाकणाचे लांब-आखूड स्क्रू कुठले कुठे होते याचा फोटो उघडण्याआधीच काढून घ्या.